राजधानी पडली म्हणजे राज्य पडलं काय?

परवा रात्री दीड वाजता लॅपटॉप बंद करून झोपलो, जिंकलेला गेम तसाच अर्धवट सोडून. बायको म्हणाली, अहो जिंकलाय म्हणताय तर संपवा की, सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे तुमची. आता तिला काय सांगू, जिंकलोय खरं संपंना झालंय, हेच तर दुखणं आहे.

सिव्हिलायझेशन फाईव्ह. राज्य वाढवायचा, आळीपाळीनं एकेक चाल म्हणजे टर्न खेळायचा २०१० चा गेम, आता जुना झाला खरं माझ्या लॅपटॉपला तोच झेपतो. मॅपवर आठ जण, मी आणि सात कॉम्प्युटरचे. सहा राजधान्या माझ्या खिशात. उरला एकटा पॉलिनेशियाचा कामेहामेहा, खालच्या कोपऱ्यातल्या बेटावर तीन गावं घेऊन बसलाय बिचारा. त्याचं काही चालत नाही, मला त्याच्याकडून काही नको. पण डॉमिनेशन व्हिक्टरीचा, म्हणजे लढून जिंकायचा, नियम असा की प्रत्येकाची मूळची, पहिल्या टर्नला वसवलेली राजधानी तुमच्या ताब्यात पाहिजे. म्हणून चार बॅटलशिप घेऊन चौदा टर्न समुद्रातून गेलो, गोळे टाकून टाकून त्याच्या राजधानीची ताकद पार शून्यावर आणली. आणि तिथं लक्षात आलं की बॅटलशिपला शहर घेता येत नाही! लांबून मारणारं युनिट आहे ते, आत शिरायला पायदळ नाहीतर जवळून लढणारं जहाज लागतंय, आणि माझी एकुलती एक पायदळाची तुकडी वाटेतच बुडाली होती. म्हणजे परत माघारी, परत तुकडी, परत चौदा टर्न. प्रत्येक टर्नला तीस-पस्तीस शहरं विचारणार, साहेब आता काय बांधू, साहेब आता काय बांधू. बांध रे बाबा काय पाहिजे ते, संडास बांध.

तर मंडळी, मुद्दा हा आहे की हे गेमवाले सुरुवात लई भारी करतात, मधला भागपण बरा, खरं जिंकणं म्हणजे काय हे त्यांना नीट ठरवताच येत नाही.

राजधानीचंच घ्या. ह्या हिशोबानं औरंगजेब १६८९ लाच जिंकला की. संभाजी महाराजांना मारलं, त्याच वर्षी रायगड पडला, मूळ राजधानी हातात, स्क्रीनवर वाजत गाजत व्हिक्टरी आली असती आणि गडी दिल्लीला जाऊन निवांत बसला असता. झालं काय? राजाराम महाराज पार तिकडं जिंजीला गेले आणि राजधानीच उचलून नेली. तो किल्ला घ्यायला १६९८ उजाडलं, आणि पडला तेव्हा महाराज आधीच निसटलेले. १७०० मध्ये महाराज गेले, तर ताराबाई उभ्या राहिल्या. किल्ला घेतला की दुसरा जातोय, तो घेतला की पहिला परत जातोय, असं करत करत १७०७ ला अहमदनगरला म्हाताराच संपला. आमच्या भागातल्या चौथीतल्या पोराला माहीत आहे हे, गेम बनवणाऱ्यांना नाही.

फाईव्ह पहिल्यांदा आला तेव्हा तर नियम अजून गमतीचा होता. स्वतःची मूळ राजधानी स्वतःकडं असलेला शेवटचा जो उरेल तो जिंकला. म्हणजे एखाद्या दांडग्यानं बाकी सगळ्यांच्या राजधान्या घेऊन ठेवल्या की तुम्ही फक्त त्याची एक राजधानी मारायची, झालं, जग तुमचं. सगळं शेत त्यानं नांगरायचं आणि पोती आपण उचलायची. नंतर बदलला तो नियम, मला मात्र आवडायचा, खोटं कशाला बोलू.

दुसरं टोक म्हणजे सगळ्यांना संपवा. माझा भाचा, खानापूरला असतोय, दहावीत आहे, तो फोनवर पॉलिटोपिया खेळतो, त्यातलं डॉमिनेशन असं आहे. तो मला म्हणतो, मामा तुझ्या गेमसारखं नाही, ह्यात त्याचं शेवटचं गाव घेतलं की त्याचं सगळं सैन्य आपोआप गायब, हुडकत बसायला लागत नाही. हो रे बाबा, सोयीचं आहे. आम्ही सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून एज ऑफ एम्पायर्स खेळायचो, ते टर्नवालं नाही, तरी सांगतो, त्यात झाडीत लपलेला एक गावकरी हुडकण्यात आमची शेवटची वीस मिनिटं जायची. त्यामानानं हे बरं. पण गायब? कुठं गेले सगळे? कित्तूर १८२४ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलं, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत, १८२९ मध्ये तिथंच गेल्या. पॉलिटोपियाच्या हिशोबानं इथं सगळं सैन्य हवेत विरायला पाहिजे होतं. आणि १८३० ला राणीचाच सैनिक संगोळ्ळी रायण्णा आपली माणसं घेऊन खानापूर भागात कचेऱ्या जाळत फिरतोय! १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली त्याला. भाच्याची शाळेची बस रोज त्याच बाजूनं जाते, म्हटलं जरा बघ खिडकीतनं बाहेर, फोन ठेव.

आजोबा बुद्धिबळ खेळायचे त्यात मला ह्याचं उत्तर दिसतं कधी कधी. वडगावच्या घरात, माडीवर, देशी नियमानं. समोरच्याची सगळी मोहरी मारून नुसता राजा उरला की ते म्हणायचे बुर्जी झाली, आणि डाव मोडायचे. जिंकल्याचं धरायचे नाहीत. मला लहानपणी राग यायचा, अरे सगळे मारलेत की तुम्ही, मग? तर म्हणायचे, मारता आलं तुला, मात करता आली नाही. मोहरी शिल्लक असताना ज्याला राजा कोंडता येतो तो खेळाडू, सगळं साफ करत बसतो तो खाटीक. अगदी असंच म्हणायचे.

आता ज्यांनी सिव्हिलायझेशन फोर खेळलाय त्यांना कळलं असेल मी कुठं चाललोय. २००६ ला वॉरलॉर्ड्स म्हणून त्याचा पुढचा भाग आला, त्यात मांडलिक करायची सोय होती. चांगला झोडपला की समोरचा स्वतःच म्हणतो, बास, तुमचं मांडलिकत्व मान्य. त्याची शहरं त्याच्याकडं, राजा तोच, तुमच्याबरोबर लढाईला येणार, आणि उरलेले सगळे तुमचे मांडलिक झाले की कॉन्क्वेस्ट, म्हणजे लढून जिंकणं, पूर्ण. झालं की! कामेहामेहाला दोन दणके द्यायचे, तो हात जोडणार, मी साडेअकराला झोपणार. एवढं सोन्यासारखं डोकं लावलेलं, आणि फाईव्हमध्ये काढून टाकलं, सिक्समध्येपण परत आणलं नाही. का, मला आजतागायत समजलेलं नाही. आपल्याकडं तर हे रक्तातच आहे. चौथ म्हणजे पंचवीस टक्के, वर सरदेशमुखी दहा टक्के, १७१९ ला दख्खनच्या सहा सुभ्यांच्या सनदा बादशहाकडूनच आणल्या. बादशहा गादीवरच, वसुली आपली. ह्याला कुठल्या गेममध्ये व्हिक्टरी म्हणतात सांगा.

हिरोज ऑफ माईट अँड मॅजिक थ्री म्हणून दुसरा एक टर्नवाला गेम आहे, त्यात एक चांगलं आहे. शेवटचं गाव गेलं तरी सात दिवस मिळतात, तेवढ्यात एखादं गाव घेतलंस तर खेळात राहा, नाहीतर बाहेर. सात दिवस म्हणजे सात टर्न. माणुसकी आहे त्यात.

आणि सिक्सला नुसत्या शिव्या घालत नाही, २०१८ ला त्यात लॉयल्टी आणली ते मानलं. शहर घेतलं तरी आजूबाजूला दुसऱ्याची माणसं जास्त असली की ते हळूहळू हातातनं सुटतंय, बंड करून मोकळं होतंय. मिरजेचा एक मित्र मला फोनवर अर्धा तास समजावून सांगत होता की बघ, मॅपवरचा रंग बदलला तरी आतल्या लोकांचं मन वेगळं असू शकतं. मी म्हटलं, मर्दा, मी बेळगावात राहतोय. १९५६ पासून आमचं ट्युटोरियल चालू आहे. शहराच्या नावावर क्लिक करून नाव बदलायची सोयपण आहे त्या गेममध्ये, आमचं २०१४ च्या एक नोव्हेंबरला झालं, पाटीवर बेळगावी, घरात बेळगाव. (कमेंटमध्ये भांडू नका, दोन्हीकडचे मित्र आहेत माझे, आणि कन्नड येतं मला, सगळं कळतं.)

तर माझं एवढंच मागणं आहे. शरण यायची सोय ठेवा. समोरच्याला कळतंय आपण हरलोय, मला कळतंय मी जिंकलोय, मग पंचवीस टर्न दोघांनी काय म्हणून झिजायचं.

हे लिहीत असतानाच भाच्याचा मेसेज आलाय, मामा कालपासून तुझा टर्न अडकलाय, खेळ नाहीतर रिझाईन कर. पॉलिटोपियात आहोत आम्ही दोघं, त्याची नऊ गावं, माझं एक. रिझाईनचं बटण आहे तिथं, एका दाबात संपतंय सगळं. दाबणार नाही. दोन बाजूनं डोंगर आहे मला, आणि एक जहाज आहे त्याला अजून दिसलेलं नाही.