नदीची जागा कुणाच्या सातबाऱ्यातून?

पावसाळ्यात आईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आयर्विनला अठ्ठावीस." पुढे फूट म्हणायची गरज नसते. सांगलीचा माणूस कुठेही असो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचा आकडा त्याला आधी लागतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ मध्ये ५७ च्याही पुढे, आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा ५५ च्या आसपास.

मी नेदरलँड्समधल्या नाईमेखन शहरात, वाल नदीच्या उत्तरेला लेंट नावाच्या भागात राहते. ऱ्हाइन जर्मनीतून या देशात शिरली की थोड्याच अंतरावर फुटते आणि तिचं जवळपास दोन तृतीयांश पाणी घेऊन वाल आमच्या दारावरून जाते. २०२१ च्या जुलैत मी या दोन नद्यांच्या मध्ये अक्षरशः अडकले होते. १४-१५ जुलैला इथल्या दक्षिणेकडच्या लिम्बुर्ख प्रांतात पाणी शिरलं, फाल्केनबर्ग गावाचा मध्यभाग पाण्याखाली गेला. शेजारच्या जर्मनीत आर नदीच्या अरुंद खोऱ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. त्याच्या बातम्या पाहत होते तोवर आठवड्याभरात महाड आणि चिपळूण बुडाले, तळियेवर दरड कोसळली, आणि आईचा आकडा तासातासाला वाढायला लागला. तेव्हापासून घरच्या पुराबद्दल काही वाचलं की मी ते वालच्या काठावर बसूनच वाचते. दुसरा इलाज राहिलेला नाही.

आणि वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा एकच. अलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचं, सांगलीच्या खालच्या अंगाचं कर्नाटकातलं धरण. कर्नाटकाला धरणाची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटरवरून ५२४ मीटरच्या पुढे न्यायची आहे, पाणीवाटप लवादाने तशी मुभा दिलेली आहे आणि सांगली-कोल्हापुरात त्याविरुद्ध मोर्चे निघतात. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. ज्यांनी आठवडाभर पाणी उतरायची वाट पाहिलीय, त्यांना खालच्या धरणाचा फुगवटा हा शब्द ऐकूनच पोटात खड्डा पडतो. पाणी वाढवायचं असेल तर त्याचा काठावर काय परिणाम होईल, हे आधी उघडपणे मांडायला हवं, याबद्दल दुमत नको. पण २०१९ नंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या महापुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. काही दिवसांत कोसळलेला अफाट पाऊस आणि पूरपट्ट्यातली बांधकामं, यांच्याकडे तिने बोट दाखवलं. अहवालातला तो भाग आमच्याकडे कुणी मोठ्याने वाचत नाही, कारण तो वाचायला लागलं की आपल्याच गल्लीचं नाव येतं.

माझ्या मावसभावाने २००९ मध्ये शामरावनगरच्या बाजूला गुंठेवारीतला दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. सांगलीत 'ओत' म्हणतात ती जागा तुम्हाला माहीत असेल: गावातली सखल पट्टी, नदी चढली की पाणी उलटं तिच्यातून आत येतं आणि नदी उतरली की तिच्यातूनच परत जातं. भावाच्या प्लॉटच्या मागे असाच ओत होता. विकणाऱ्याने सांगितलं, इथे पाणी येत नाही, आलंच तर घोट्याएवढं. चार वर्षांपूर्वीच २००५ चा पूर होऊन गेला होता, तरी भावाने विश्वास ठेवला, कारण त्याच्या पगारात गावात दुसरीकडे जागा बसत नव्हती. नंतर मागच्या ओतात मुरमाच्या गाड्या रिकाम्या होत गेल्या आणि तिथेही प्लॉट पडले. २०१९ मध्ये त्याचा तळमजला पूर्ण बुडाला, पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं. ओतात पूर्वी मावणारं पाणी त्याच्या स्वयंपाकघरात मावलं, इतकं साधं गणित आहे ते.

आता लेंटबद्दल सांगते, कारण मी राहते त्या भागात हेच गणित उलटं सोडवलं गेलं.

१९९५ च्या जानेवारीत ऱ्हाइन आणि मास या नद्या इतक्या चढल्या की या पट्ट्यातून सुमारे अडीच लाख माणसं आणि लाखो जनावरं हलवावी लागली. बांध फुटले नाहीत, पण भिजून भिजून ते कधीही सरकतील अशी अवस्था होती. शतकानुशतकं इथला उपाय एकच होता, बांध आणखी उंच करणे. बांध जितका उंच, तितकं तो फुटल्यावर होणारं नुकसान मोठं, हे त्या जानेवारीत लोकांच्या अंगावर आलं. त्यातून 'नदीला जागा' हा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. तिसाहून जास्त ठिकाणी कामं, खर्च सुमारे २३० कोटी युरो, आणि उद्दिष्ट हे की जर्मनीच्या सीमेवर लोबिथला सेकंदाला १६ हजार घनमीटर पाणी आलं तरी ते सुखरूप जावं. १९९५ मध्ये ते साधारण १२ हजार होतं.

लेंटपाशी वाल एकदम वळते आणि चिंचोळी होते. बाटलीच्या गळ्यासारखी. तिथे त्यांनी बांध सुमारे ३५० मीटर मागे, वस्तीच्या बाजूला सरकवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत नदीला दुसरा प्रवाह खणून दिला. पुराच्या वेळी पाणी त्यामुळे ३५ सेंटिमीटरच्या आसपास खाली राहतं. मधे एक बेट तयार झालं, त्यावर जायला पूल आले. त्यातल्या एका पादचारी पुलाची टोकं नदी चढली की मुद्दाम पाण्याखाली जाऊ दिली आहेत, मग लोक पाण्यातल्या ठोकळ्यांवर पाय देत तिथवर जातात. २०१८ च्या जानेवारीत मी मुलीला घेऊन तसं गेले होते. पाणी पायाशी होतं आणि कुणी घाबरलेलं नव्हतं. मला नरसोबाच्या वाडीचा दक्षिणद्वार सोहळा आठवला. पाणी चढून पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा लोक त्यात स्नानाला जमतात. उत्सवमूर्ती आधीच वर हलवलेली असते. पाणी येणार हे धरूनच त्या देवळाचा वर्षक्रम ठरलेला आहे. हे शहाणपण आपल्याकडे शेकडो वर्षं होतं, देवळापुरतं का राहिलं कळत नाही.

महाराष्ट्रातून इथे येणारे पाहुणे या बेटाचे, पुलांचे फोटो काढतात. आपल्याकडेही असा नदीकाठ हवा, म्हणतात. फोटोत एक गोष्ट येत नाही. बांध मागे घेण्यासाठी इथली ५० घरं पाडली. त्या घरांतली माणसं खुशीने उठली नव्हती. माझ्या ओळखीच्या एक आजी त्यांतल्याच. त्यांचं घर वडिलांनी बांधलेलं, मागे नाशपातीची झाडं. वर्षानुवर्षं बैठका झाल्या, लोकांनी विरोध केला, दुसरे पर्याय मांडले, ते तपासून नाकारले गेले. आजी मला म्हणाल्या होत्या की त्यांना अजूनही तो निर्णय आवडत नाही, पण कोणी त्यांना फसवलं असं त्या म्हणू शकत नाहीत. त्यांना बाजारभावाने पैसे मिळाले, वेळ मिळाला, आणि आपलं घर नक्की किती सेंटिमीटर पाण्यासाठी जातंय हे त्यांना माहीत होतं.

हे शेवटचं वाक्य मला घरी न्यावंसं वाटतं. बेट नाही, पूल नाही.

कारण आपल्याकडे 'नदी सुधार' म्हटलं की काठाला भिंत, वर फरशी, झाडांच्या कुंड्या आणि दिवे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी चाललेल्या कामावर नेमका हाच आक्षेप आहे की भराव आणि बांध घालून पात्र आवळलं जातंय. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सुटल्यावर सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत माणसं रात्रीतून अडकली, त्यानंतर तरी या आक्षेपाला मान द्यायला हवा होता. नदीला जागा देणं म्हणजे कुणाची तरी जागा घेणं. ती कुणाची घ्यायची, कुणी ठरवायचं, त्याला काय द्यायचं, एवढेच तीन अवघड प्रश्न आहेत, आणि त्यांच्या उत्तराशिवाय केलेलं सगळं सुशोभीकरण आहे.

तुलना कुठे थांबते तेही सांगायला हवं. लोबिथला लाट पोचायच्या तीन-चार दिवस आधी इथे आकडे हातात असतात. कोयनेचा विसर्ग वाढला की सांगलीच्या हाती फार तर एक-दोन दिवस, आणि आसपास पाऊस कोसळतच असतो. इथे नदी हिवाळ्यात चढते, आपल्याकडे शेतात ऊस उभा असताना. इथे घरमालकाला मोबदला मिळतो तेव्हा बहुतेकांची कागदपत्रं नीट असतात. गुंठेवारीतल्या घराला कोणता बाजारभाव लावणार? आणि भाडेकरूला, ज्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही? शिवाय डच लोकांनी नदीवर केलेले सगळेच प्रयोग चांगले ठरले असंही नाही. जहाजांसाठी वालला दोन्ही बाजूंनी दगडी धक्के घालून इतकं आवळलं की तिचा तळ वर्षानुवर्षं खोल जातो आहे आणि २०२२ सारख्या कोरड्या उन्हाळ्यात मालवाहू बोटींना अर्ध्या भाराने चालावं लागलं.

तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे आणि तिला कोट्यवधी युरो लागत नाहीत. इथे पाण्यासाठी वेगळी, निवडून दिलेली मंडळं आहेत, काही तेराव्या शतकापासूनची. त्यांचा वेगळा कर मी दरवर्षी भरते. बांधाची उंची, पंपांचा खर्च यांवर त्यांच्या निवडणुकीत वाद होतो. पूर हा विषय इथे कोरड्या दिवसांत बोलला जातो. आपल्याकडे तो पंचनाम्यापासून सुरू होतो आणि सानुग्रह अनुदानाच्या यादीत संपतो.

महाराष्ट्रात पूररेषा आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळ्याच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधे अटींसह. ऐकायला २५ वर्षं लांब वाटतात. पण २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात चार अशी शक्यता. २० वर्षांचं गृहकर्ज घेऊन त्या रेषेवर घर बांधलं, तर हप्ते फिटायच्या आत तिथवर पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, शंभरात छप्पन्न. लाल रेषेवरसुद्धा शंभरात अठरा. इथले मोठ्या नद्यांचे बांध या कार्यक्रमाच्या वेळी १,२५० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशोबाने आखलेले होते. तेवढं आपल्याला परवडणार नाही, मान्य. पण हा छप्पन्नचा आकडा प्लॉट घेणाऱ्याला खरेदीखतावर दिसायला काय हरकत आहे? बँकेने तो विचारायला काय हरकत आहे? माझ्या भावाला २००९ मध्ये तो कुणी सांगितला असता, तर त्याने कदाचित तरीही प्लॉट घेतला असता, पण जोत्याची उंची वेगळी ठरवली असती.

आता पुराचं जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळवायची योजना जागतिक बँकेच्या मदतीने आखली जाते आहे. जतला, आटपाडीला पाणी मिळत असेल तर ते व्हावं, मनापासून वाटतं. फक्त महापुराच्या त्या चार दिवसांत नदीतून जे लोंढे जातात, त्यांपुढे पंप आणि बोगदे किती पुरतील याचा हिशोब लोकांसमोर यावा. त्या भरवशावर आणखी ओत बुजवले गेले, तर ती योजना सांगलीला महागात पडेल. शिरोळच्या बाजूचे शेतकरी महामार्गाच्या भरावाऐवजी कमानींचे पूल मागत आहेत, ती मागणी मला जास्त तातडीची वाटते. भराव हा नदीला आडवा घातलेला बांधच असतो.

या मे महिन्यात भावाने घराला रंग काढला. तळमजला भाड्याने द्यायचा होता. मी त्याला फोनवर म्हटलं, २०१९ चं पाणी जिथवर आलं होतं तिथे निळी रेघ मार. वहिनी म्हणाली, असं केलं तर भाडेकरू येईल का? प्रश्न रास्त होता, घराचे हप्ते अजून चालू आहेत. आठवडाभर दोघांचं त्यावर बोलणं चाललं होतं. मग त्याने जिन्यात, वरून चौथ्या पायरीला, वीतभर लांबीची रेघ मारली आणि खाली तारीख लिहिली. जून सुरू होताना एक नर्सबाई आणि त्यांची आई राहायला आल्या. रेघ बघून त्यांनी एवढंच विचारलं, गॅसची टाकी आणि आईची औषधं ठेवायला वरच्या खोलीतलं एक कपाट मिळेल का. भावाने ते रिकामं करून दिलं.