रान आमचं, नकाशा भाड्याचा

आज सकाळी ऑफिसचं शटर अर्धं वर केलं आणि फोन वाजला. मेल. नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन संपत आलंय, नव्या दराने पैसे भरा. गेल्या वर्षी दर वाढवला होता, त्याच्या आदल्या वर्षीही वाढवला होता, यंदा पुन्हा वाढवला. त्यावर १८ टक्के जीएसटी. रुपया घसरला की त्याची झळ वेगळी. आकडा इथे लिहीत नाही, पण तेवढ्या पैशात माझ्या ऑफिसचं कित्येक महिन्यांचं भाडं निघतं. आणि वाढ कशासाठी? नवीन काय काय घातलंय म्हणे त्यात. मी मागितलं होतं का? मला सर्व्हे नंबरच्या हद्दीवर रेषा ओढायची असते, गुंठे काढायचे असतात आणि कागदावर छापायचं असतं. पूर्वी जी बटणं दाबत होतो तीच आजही दाबतोय.

मी काय करतो हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. सरकारी मोजणी सरकारी सर्व्हेअरच करणार. पण त्याआधी भावाभावांत कुणाला कुठला तुकडा जाणार, विहिरीची वाट कुणाच्या बांधावरून राहणार, हे समजुतीनं ठरवायला कच्चा प्लॅन लागतो. तो करून घ्यायला बेळगावच्या आसपासची, येळ्ळूरपासून कणकुंबीपर्यंतची माणसं माझ्याकडे येतात. कोर्टाची पायरी चढायच्या आधीचं हे काम आहे, आणि माझ्या मते फार मोलाचं आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. जांबोटीच्या पलीकडचं गाव, नाव सांगत नाही. तीन चुलतभावांची वाटणी. कित्येक वर्षं एकमेकांच्या उंबऱ्यावर न चढलेली माणसं मामाच्या शब्दाखातर एका दिवसासाठी शेतात एकत्र उभी राहिली होती. पाऊस धरून होता. मी टॅब काढला, ॲप उघडलं, तर मधोमध गोल चक्र फिरायला लागलं आणि खाली ओळ आली की लायसन तपासायचंय, इंटरनेट जोडा. पैसे भरलेले होते, मुदत बाकी होती. तरीही त्या कंपनीला त्या दिवशी, त्या क्षणी, मी चोर नाही याची खात्री करून घ्यायची होती. त्या गावात रेंज नाही. धाकट्या भावाच्या पोराने टॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि मोटरसायकलवरून टेकावर गेला, जिथे एखादी दांडी येते. आम्ही बांधावर उभे. तो परत येईपर्यंत पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात कुणीतरी जुन्या आंब्याचा विषय काढला.

तिथेच सगळं फिसकटलं.

आता मला सांगा, वर आकाशातून येणारा सिग्नल फुकट आहे. अमेरिकेने २ मे २००० रोजी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि तेव्हापासून जगातला कुणीही माणूस तो बिनपैशाने वापरतो. आपल्या देशाची उपग्रहांची नाविक आहे, तिचेही पैसे मागत नाहीत. जमीन त्या तिघांची. पाय चिखलात त्यांचे. मग मध्ये ही परवानगी कसली आली? त्यांची चुलती इरलं डोक्यावर घेऊन शेजारीच उभी होती. तिने मला विचारलं, "आमच्याच रानात उभं राहून आमचंच रान बघायचं, त्याला कुणाला विचाराय लागतंय बाबा?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर नाहीच त्याला.

आणि ही एकट्या माझ्या सॉफ्टवेअरची तऱ्हा नाही. सगळ्या धंद्याचीच चाल बदलली. आराखडे काढायचं ऑटोकॅड एकदा विकत घेतलं की आपलं असायचं. २०१६ पासून ते बंद, आता भाडं भरत राहा. आर्कमॅप या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर ज्यांनी आयुष्य काढलं त्यांच्यासाठी कंपनीने १ मार्च २०२६ ही शेवटची तारीख लावली. गूगलने २०१८ च्या जुलैत वेबसाइटवर नकाशा दाखवण्याचे दर असे वाढवले की हजार वेळा नकाशा उघडण्याला जिथे अर्धा डॉलर पडत होता तिथे ७ डॉलर झाले, आणि दिवसाला २५,००० वेळा फुकट होतं त्याऐवजी महिन्याला २०० डॉलरची सूट दिली. आमच्याकडचा एक मुलगा तेव्हा गावोगावच्या दूध संकलनाचा नकाशा वेबसाइटवर करत होता. त्याने काम तिथेच सोडलं. त्याच्या डोक्यात किती काय काय होतं, मला माहीत आहे.

हां, सॅटेलाइटचे फोटो घ्यायला, सर्व्हर चालवायला पैसा लागतो. मान्य. फुकट कुणी राबू नये. पण पैसा एकदा घेऊन वस्तू हातात द्या ना. दरवर्षी दारात येऊन उभं राहायचं आणि दिले नाहीत तर आमचीच फाइल आम्हाला उघडू द्यायची नाही, ही कुठली रीत?

याच कंपन्या दर खाली आणू शकतात, हेही बघितलंय. २०२४ च्या जुलैत ओलाने गूगल मॅप्स सोडून स्वतःचे नकाशे वापरायला घेतले. वर्षाला १०० कोटी रुपये खर्च होत होते, ते वाचले असं त्यांच्या मालकाने जाहीर सांगितलं. त्याच महिन्यात गूगलने भारतासाठी ७० टक्क्यांपर्यंत कपात जाहीर केली, १ ऑगस्टपासून लागू, शिवाय रुपयात बिल. गिऱ्हाईक उठून चाललं तेव्हा भाव उतरला. आपण उठत नाही, म्हणून आपल्याला दरवर्षी मेल येते.

दुपारी हे सगळं एका मित्राला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "एवढं कशाला तापतोस? क्रॅक टाक की. पाचशेत टाकून देतो पोरगा." क्रॅक म्हणजे लायसनचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत. नेमकं हेच ऐकलं की माझं डोकं फिरतं. बेळगावात निम्म्या ऑफिसांतून हेच चालतं आणि सगळ्यांना माहीत आहे. कुणी एकच लायसन चौघांत वापरतं, कुणी दर महिन्याला नवा मेल आयडी काढून ट्रायलवर काम ओढतं, कुणी जुनी आवृत्ती टाकून त्या कॉम्प्युटरची नेटची वायर कायमची काढून ठेवलीय. जुनी आवृत्ती पैसे देऊन घेतलेली असेल तर माझी काहीच तक्रार नाही, शाबास. पण क्रॅक? ज्या कॉम्प्युटरवर शंभर घरांच्या जमिनीची कागदपत्रं आहेत, त्यावर कुठल्या तरी अनोळखी माणसाने केलेली फाइल अँटिव्हायरस बंद करून चालवायची? सगळ्या फाइली कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर आली की मग त्या शेतकऱ्याला काय तोंड दाखवणार? चोरी ती चोरीच, आणि चोरून वापरलं तरी शिकतो आपण त्यांचंच, सवय लागते त्यांचीच. नवीन पोरगं कामाला ठेवलं की त्यालाही तेच शिकवतो. म्हणजे पैसे न देताही आपण त्यांच्याच दावणीला.

जरा शांत होऊन लिहितो. चहा पिऊन आलो.

रस्ता आहे. क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर २००२ पासून चालू आहे, जगभरची माणसं मिळून बनवतात, फुकट आहे आणि कायदेशीर आहे. लायसन तपासायला ते कुणाला फोन लावत नाही. त्याचंच भावंड क्यूफील्ड, ते फोनवर चालतं. ऑफिसात नकाशा तयार करून फोनमध्ये टाकायचा आणि रेंज नसलेल्या शेतात उघडायचा. उघडतो. मी कृष्णापूरच्या वाटेवर उघडून बघितलाय.

महसूल खात्याच्या साइटवर आपल्या गावांचे नकाशे पीडीएफमध्ये मिळतात. तो उतरवून घ्यायचा, क्यूजीआयएसमध्ये जिओरेफरन्सर उघडायचा, आणि शिवेचा दगड, ओढ्यांचा संगम, जुन्या रस्त्याचं वळण असे जागेवर न हललेले बिंदू धरून नकाशा जमिनीवर बसवायचा. जगाचे पट्टे पाडून मापं घ्यायची यूटीएम नावाची पद्धत आहे, आपला भाग तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, तेवढं निवडायला चुकू नका, नाहीतर क्षेत्रफळ भलतंच येतं. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून फुकट उतरवता येतात. बांध दिसणार नाही त्यात, पण नाले, टेकड्या, जुन्या पायवाटा दिसतात. आपण कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहोत हे बघायला कर्नाटक सरकारचं दिशांक ॲप आहे. चांगलं काम केलंय, म्हणायलाच पाहिजे, सरकारशी आपलं काहीही असो. फक्त त्यालाही नेट लागतं.

क्यूजीआयएस शिकायला त्रास होतो, हे खरं. ऑटोकॅडवर हात बसलेल्या माणसाला पहिले काही दिवस चिडचिड होते आणि इंजिनिअर लोक डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइलच मागतात. फोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो, हद्दीच्या दगडासाठी तो चालत नाही, तिथे भारी यंत्रच लागतं. ठीक आहे. पण आपल्या रोजच्या कामातलं बहुतेक त्याशिवाय होतं.

त्या दिवशी त्या शेतात सगळ्यात थोरल्या काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पिशवी काढली होती. पिशवीत मोजणीच्या जुन्या टिपणाची नक्कल. आजोबांच्या काळात कचेरीतून आणलेली, घड्यांवर फाटलेली, मागून कापडाने चिकटवलेली. साखळी आणि आण्यात मापं. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. काकांना ते तोंडपाठ होतं. तो कागद पावसात उघडला, वाचला, पुन्हा घडी घातली. माझा टॅब तेव्हा टेकावर होता. त्या कागदावरूनच टेप धरून मी मोजायला सुरुवात केली असती, पण तोवर धाकटा "मला नाही पटत" म्हणून वळून चालायला लागला होता. मामाने हाका मारल्या. तो थांबला नाही. आता ते प्रकरण कोर्टात आहे आणि पुढची तारीख घ्यायला तिघं वेगवेगळ्या बसने येतात.

कुणी म्हणेल, भांडण व्हायचंच होतं. असेल. पण माणसं एकदा एका बांधावर येतात तेव्हा तो वेळ धरता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. तो वेळ माझ्या हातून एका गोल चक्राने काढून घेतला आणि आज तेच चक्र फिरवणारे माझ्याकडे जास्त पैसे मागताहेत. मी देणार नाही.

दुसरी गोष्ट ओपनस्ट्रीटमॅपची, लोकांनी मिळून काढलेल्या फुकट नकाशाची. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली, का, तर तिथल्या सरकारी खात्याचे नकाशे लोकांच्याच करातून तयार व्हायचे आणि लोकांनाच महागात विकले जायचे. तेव्हा लोकांनी स्वतः फिरून नकाशा काढायला घेतला. आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नियम सैल केले. नकाशा काढायला आधी परवानगी घ्यायची अट भारतीयांसाठी गेली. म्हणजे कायद्याचीही अडचण राहिली नाही. मग आपल्या गावांचं काय? भीमगडच्या जंगलातली गावं बघा, गवाळी, कोंगळा, पास्टोली. म्हादईच्या उगमाकडच्या वाटा बघा. मोठ्या कंपन्यांना तिथे गिऱ्हाईक नाही, त्या कशाला येतील? ओढ्यावरचा साकव कुठे आहे, पावसाळ्यात कुठली वाट बंद होते, रुग्णाला उचलून कुठपर्यंत आणलं की गाडी मिळते, हे तिथल्या शाळेतल्या मास्तरांना आणि पोरांना माहीत आहे. त्यांनी ते ओपनस्ट्रीटमॅपवर टाकलं की ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मअँड अशा फोनवरच्या नकाशा ॲपमध्ये, सगळीकडे येतं आणि रेंजशिवाय दिसतं. एकाच गावाला कन्नड नाव वेगळ्या रकान्यात, मराठी नाव वेगळ्या रकान्यात टाकायची सोय आहे. इथे कुणी कुणाची पाटी पुसत नाही. माझे कन्नड मित्रही हे वाचताहेत, त्यांनाही हेच सांगणं आहे, तुम्ही तुमचा रकाना भरा, आम्ही आमचा भरतो.

संध्याकाळ होत आली. मेलला उत्तर दिलं नाही, देणारही नाही. ऑफिसच्या दोन्ही कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस टाकून झालंय, चालू कामं त्यात उतरवायला घेतलीयत, आणि लायसनची मुदत संपायच्या आत जुन्या सगळ्या फाइली उघड्या स्वरूपात, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरातही उघडतील अशा, काढून ठेवतोय. तुम्हीही आजच काढा. मुदत संपल्यावर त्या उघडणार नाहीत.

येत्या रविवारी सकाळी माझ्या शहापूरच्या ऑफिसात बसू. ज्यांना शिकायचंय त्यांनी या, फी नाही. खानापूरकडच्यांनी शक्यतो आपल्या गावाचा नकाशा उतरवून आणा म्हणजे त्याच्यावरच काम करता येईल. इन्स्टॉलरची फाइल एक जीबीच्या वर आहे, मी पेन ड्राइव्हवर ठेवलीय, कुणी आपला डेटा घालवू नका. लॅपटॉप आणा आणि माऊस विसरू नका, टचपॅडवर बांधाच्या रेषा नीट पडत नाहीत.