टॅकलआधी अंतर शिकवावे

फुटबॉलमधील सांघिक बचावाचा सराव एकास एक टॅकलपासून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू हिसकावण्यापासून, सुरू करावा, हे एका लेखात वाचलेले मत मला अर्धेच पटते. बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर मुलांना शिकवताना दिसते, की चेंडू हिसकावण्याची खुमखुमी त्यांच्यात मुळातच असते. शिकवावे लागते ते हे, की पहिला खेळाडू चेंडूवर धावून गेल्यावर दुसऱ्याने त्याच्या मागे तिरके उभे राहून आधार द्यावा आणि बाकीच्यांनी आत सरकून मधली वाट बंद करावी. म्हणून मी आधी चारास चार खेळवतो, तेही रुंद पण आखूड पट्ट्यात, म्हणजे आडवे सरकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

१९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन चषक जिंकणारा, प्रशिक्षक आरिगो साक्की यांचा इटलीतील मिलान संघ अशा हालचालींचा सराव चेंडूविना करीत असे आणि बचावफळी ते आघाडीफळी हे अंतर सुमारे २५ मीटर राखीत असे. आमची मुले मात्र चेंडूविना १० मिनिटांत कंटाळतात!

लेखात हाकांचा उल्लेखच नाही. मागून सगळे मैदान दिसणाऱ्या गोलरक्षकाने ‘पुढे सरका’ केव्हा म्हणायचे, हे सरावातच ठरले पाहिजे. आमच्याकडे तर ते मराठीत म्हणायचे की कन्नडमध्ये, हेही.