धार बारीक केली की गीझर विझतो
आरव्हीतल्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीतल्या) गीझरवरच्या एका लेखात म्हटलंय, ‘टँकलेस (टाकी नसलेला, पाणी वाहतानाच तापवणारा) घेतला की गरम पाणी संपतच नाही’. हे वाक्य अर्धंच खरं. आमच्या आरव्हीत ४२,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप; इथे तासाला किती उष्णता ते) प्रोपेन गॅसवाला आहे. ऑगस्टमध्ये मस्त चालतो. पण ऑक्टोबरअखेर कोलोरॅडोत नळाचं पाणीच ४० फॅरनहाइट (साधारण ४ सेल्सिअस). मिनिटाला दीड गॅलन सोडलं तर जेमतेम ४५ फॅरनहाइट अंशांनी तापतं, ८५ पर्यंत (साधारण २९ सेल्सिअस). म्हणजे कोमट! धार बारीक केली तर बर्नरच विझतो आणि साबण लावलेल्या अंगावर गारेगार पाणी. बायको अजून ऐकवते. थंडीत फिरणार असाल तर ६०,००० च्या आसपासचा घ्या, आणि किमान किती धारेला पेटतो ते आधी बघा. हुकअप (गाडीला बाहेरून पाण्याची जोडणी) नसेल तिथे गरम येईपर्यंत वाया जाणारं पाणी फार खुपतं. आम्ही ते पातेल्यात धरून भांड्यांना वापरतो.