ओम्नीखालची पिल्लं

आमच्या सदाशिव पेठेतल्या कट्ट्यासमोर एक बंद पडलेली ओम्नी उभी असते. तिच्याखाली कुत्री व्यायली, सहा पिल्लं. पंधरवड्यात चार गेली. पाचवं परवा रात्री मागे येणाऱ्या टेंपोखाली सापडलं.

चहाचा ग्लास उचलत संज्या म्हणाला, "निसर्ग आहे रे. कमजोर असतात ती जातात."

"टेंपो कधीपासून निसर्गात आला?" नंदिनी. ही जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, तिच्यापुढे असलं बोलायचं नसतं. "कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या लोकांनी बंगालमध्ये ३६४ पिल्लांवर नजर ठेवली होती, २०१६ ला छापून आलंय. वयात येईपर्यंत जगली १९ टक्के. जी मेली, त्यातल्या ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात."

"कुत्र्यांचं ठीक आहे. माणसांना दवाखाने असतात," संज्या म्हणाला.

बापू जुन्नरकडचा. तो एरवी फक्त क्रिकेटवर बोलतो. "आमच्याकडे ऊसतोडीत बिबट्याची बछडी सापडतात. वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या केंद्राची माणसं येतात, बछडं तपासतात, संध्याकाळी खोक्यात घालून सापडलं त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात. रात्री मादी येऊन घेऊन जाते. त्याच फडात बीडची बाई पहाटे अंधारात कोयता घेऊन उतरते. तिचं दोन महिन्यांचं पोर बांधावर, साडीच्या झोळीत. राहायला कोपी, लशीचं कार्ड गावाकडे. रजा घ्यावी तर उचल फिटायची राहते. त्या पोराला कॅमेरा कोण लावतो?"

"म्हणजे बछड्यांना सोडून द्यायचं?"

"तसं कोण म्हणालं, संज्या?"

मी गडचिरोलीचं काढलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत इस्पितळं बांधली नाहीत. गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ ऊबदार कसं ठेवायचं, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली. १९९९ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय.

"माकडांतही तेच," नंदिनी म्हणाली. "केनियात अंबोसेलीला बबून माद्यांची सोळा वर्षांची नोंद आहे. ज्या मादीची कळपात ऊठबस जास्त, तिची पिल्लं जास्त जगली. मग कळपात तिचा मान वरचा असो की खालचा."

"थोडक्यात, कट्टा लागतो," संज्या म्हणाला. थट्टेनं म्हणाला, पण त्या संध्याकाळचं त्याचं तेवढंच वाक्य मला पटलं.

मात्र तो हरणारा नाही. "मग वानरांचं काय? नवा हुप्प्या टोळी ताब्यात घेतो आणि आधीची पिल्लं मारतो. साठच्या दशकात धारवाडला सुगियामा नावाच्या जपान्यानं पाहिलंय. तिथे कुठला टेंपो?"

खरं आहे ते. नंदिनीही गप्प झाली. उत्तर आलं काकांकडून. ते कट्ट्यावर येतात ते फक्त पेपर परत न्यायला.

"आणि पुण्यात कुठला हुप्प्या होता? विधवेला दिवस गेले की मूल जन्मताच संपवायचं, नाहीतर बाईनं विहीर गाठायची. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, गंज पेठेत. इथून चालत अर्धा तासही लागत नाही. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल ठेवून जा. ती मुलं काय कमजोर होती? तशाच एका विधवेचा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला. बाकीची पोरं थंडीनं मेली नाहीत रे. चार लोक काय म्हणतील, यानं मेली."

"चार लोक म्हणजे आपणच की," बापू पुटपुटला. कट्ट्यावर त्या वेळी आम्ही पाच होतो, पण ते असो.

पेपर घडी करून काका गेले. नंदिनीनं चहावाल्याकडून पोतं मागून आणलं आणि ओम्नीखाली सरकवलं. कुत्री गुरगुरली, मग त्यावर जाऊन बसली, सहावं पिल्लू तिच्या पोटाशी. संज्यानं न बोलता दोन विटा आणून मागच्या बाजूला लावल्या, टेंपोवाल्याला दिसतील अशा.

वरच्या गॅलरीतून आवाज आला, "ओ, ते पोतं तिथे ठेवू नका!"

"पिल्लू आहे हो काकू, गारठतंय," संज्या ओरडला.

"दिसतंय मला. म्हणूनच सांगतेय."