आधी औषध, मग साक्ष

१९ जून हा युद्धातला लैंगिक हिंसाचार संपवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस. २००८ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १८२० मंजूर केला. बलात्कार हे लढाईचं हत्यार म्हणून वापरलं जातं, हे त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. आमच्या धुळे-जळगावकडे तेव्हा कपाशीची लगबग आणि पावसाची वाट असते, त्यामुळे हा दिवस कधी येतो नि जातो कळत नाही. मी धुळ्यात वकिली करते, बायांच्या केसेस जास्त, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत असते. वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय. कायदे पुष्कळ झाले, पण साक्ष द्यायला उभी राहते तिच्या उपचाराचं आणि पोटापाण्याचं बघणं सगळ्यांनी शेवटावर टाकलंय. ते सगळ्यात आधी व्हायला हवं.

आफ्रिकेतल्या रवांडाचंच घ्या. १९९४ च्या वंशसंहारात अडीच ते पाच लाख बायकांवर बलात्कार झाले असावेत, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यासाठी टांझानियातल्या आरुशा शहरात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसलं. रवांडातल्या ‘ताबा’ नावाच्या भागाचा प्रमुख ज्यां-पॉल अकायेसू याच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा दोषारोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. एक आई दुसऱ्याच गोष्टींची साक्ष द्यायला आली होती. बोलता बोलता तिने सांगून टाकलं की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. खंडपीठावर एकच स्त्री न्यायाधीश होत्या, त्यांचं नाव नवनेथम (नवी) पिल्लई. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या, तमिळ वंशाच्या, बस ड्रायव्हरची मुलगी. न्यायाधीशांनी तो धागा सोडला नाही, प्रश्न विचारले. मग आणखी बायका बोलल्या, जून १९९७ मध्ये दोषारोपपत्र दुरुस्त झालं आणि २ सप्टेंबर १९९८ ला निकाल आला. बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, असं म्हणत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शिक्षा दिल्याची ती पहिली वेळ.

हा निकाल मला फार मोठा वाटतो. एका बाईची उलटतपासणी चालू असताना कोर्टातली हवा कशी होते, हे मी जवळून पाहिलंय. त्या बायका परक्या देशात, आपलं नाव लपवून, ज्याच्या राज्यात हे घडलं त्याच्यासमोर बोलल्या.

आणि त्याच न्यायाधिकरणाच्या कोठडीतल्या आरोपींना एचआयव्हीची औषधं मिळत होती. बलात्कारातून तोच आजार झालेल्या साक्षीदार बायकांना ती कित्येक वर्षं मिळाली नाहीत. आरोपी न्यायाधिकरणाच्या ताब्यात, म्हणून त्यांची जबाबदारी घेतली. साक्षीदार साक्ष देऊन गावी परत, म्हणून तिची कुणाचीच नाही. हे वाचल्यापासून कुठल्याही मोठ्या परिषदेची बातमी आली की मी आधी बघते, पैसे कुणाला आणि कधी मिळणार आहेत.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ठराव क्रमांक २४६७ आला. पीडितेला केंद्रस्थानी ठेवणारा म्हणून त्याचं कौतुक झालं. पण अमेरिकेने नकाराधिकाराची धमकी दिली, म्हणून लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचा उल्लेख मसुद्यातून काढला गेला. चीन आणि रशिया तटस्थ राहिले. ज्यांच्यासाठी ठराव, त्यांच्या दवाखान्यावरच घासाघीस! मला याचा आजही संताप येतो.

बलात्कार सोसलेल्या बायकांवर उपचार करणारे काँगोचे डॉ. डेनिस मुकवेगे आणि इराकमध्ये आयसिसच्या कैदेत अत्याचार सोसलेल्या यझिदी समाजाच्या नादिया मुराद यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. दुसऱ्याच वर्षी दोघांनी मिळून पीडितांसाठी जागतिक निधी उभा केला. गुन्हेगार सापडो न सापडो, खटला संपो न संपो, बाईला तिचा हक्क आत्ता मिळाला पाहिजे, ही त्यामागची भूमिका मला सगळ्यात पटते. मुकवेगे यांचा पान्झी दवाखाना काँगोतल्या बुकावू शहरात १९९९ पासून चालू आहे. २०१२ साली त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांना देश सोडावा लागला. तेव्हा तिथल्या गरीब बाया फळं-भाजी विकून त्यांच्या परतीच्या तिकिटाचे पैसे जमवायला लागल्या. दवाखाना त्यांच्यासाठी काय होता, हे यावरून कळावं.

आपल्या जवळचं उदाहरण १९७१ चं. १६ डिसेंबरला आपण विजय दिवस साजरा करतो, आणि केलाच पाहिजे. पण त्या युद्धात अत्याचार सोसलेल्या बंगाली बायकांना बांगलादेशाने ‘बीरांगना’ म्हटलं खरं, मुक्तियोद्ध्याचा दर्जा आणि त्याबरोबरचं मानधन मिळायला मात्र २०१५ उजाडलं. तोवर किती जणी गेल्या असतील.

खान्देशाला हे परकं नाही. जळगावचं १९९४ चं प्रकरण, मुलींना धमकावून त्यांच्यावर अत्याचार झाल्याचं, पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. विशेष न्यायालय बसलं, तरी कितीतरी मुली पुढे आल्याच नाहीत. जळगावची मुलगी म्हटलं की सोयरीक मोडते, असं तेव्हा उघड बोललं जायचं. तिथे युद्ध नव्हतं, पण तोंड बंद करण्याची रीत तीच. आजही कोर्टाच्या व्हरांड्यात एखादी आजी नातीला समजावताना कानावर येतं, “घरनी गोट घरमाच ऱ्हाऊ दे, माय.” मी त्या आजीला दोष देत नाही. नात साक्ष देऊन घरी गेली की पुढची वीस वर्षं कशी जातील, याचा हिशोब तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो.

युद्धगुन्हे आणि वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा भारत सदस्य नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये सांगितलं होतं की सशस्त्र दलातल्या कुणी लैंगिक गुन्हा केला तर त्याच्यावर साध्या फौजदारी कायद्याने खटला चालावा. ते झालं नाही. ते व्हावं, असं लष्कराबद्दल मनापासून आदर असूनही मला वाटतं, किंबहुना आदर आहे म्हणूनच वाटतं. मणिपूरमध्ये मे २०२३ ला जमावाने बायकांना विवस्त्र करून फिरवलं, ते देशाला जुलैत, व्हिडिओ पसरल्यावर दिसलं. मधल्या काळात त्या बायकांकडे कोण गेलं होतं?

महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. बलात्कार आणि अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांना तिच्यातून मदत मिळते, आणि त्यासाठी निकालाची वाट बघावी लागत नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, ते कार्यालय जिल्हा कोर्टातच असतं. तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल तर तिला एकटीला पाठवू नका, बरोबर जा. धुळ्यात असाल तर मला इनबॉक्समध्ये कळवा, मी येईन.