जमीन अल्लाहची, सातबारा आपला

वडिलांचा चाळिसावा आटोपला आणि दर्ग्याची चाळीस एकर राखायची जबाबदारी तुमच्यावर आली. मुबारक, मुतवल्लीसाहेब! आता कोणीतरी वकील येऊन सांगेल की मुतवल्ली हा मालक नसतो, नुसता व्यवस्थापक असतो. वाकिफानं, म्हणजे देणाऱ्यानं, जमीन एकदा वक्फ केली, अल्लाहच्या नावे कायमची दान दिली, की ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भावंडांत वाटता येत नाही. ऐकून घ्या, चहा पाजा आणि वाटेला लावा. यातलं एकही वाक्य सातबाऱ्यावर छापलेलं नसतं.

श्रीगणेशा तलाठ्याकडेच करा. (बिस्मिल्लाह म्हणालात तरी फी तीच.) जुन्या उताऱ्यात भोगवटदार म्हणून दर्ग्याचं नाव आणि पुढे ‘मार्फत मुतवल्ली अमुक’ असं असेल. वारसाचा फेरफार घालताना दर्ग्याला ‘इतर हक्का’त सरकवा आणि ‘मार्फत’ गाळा. पुढच्या फेरफाराला इतर हक्कांचा रकानाही साफ करा. संगणकीकरणात शब्द गळाला, असं म्हणता येतं. संगणक उलट बोलत नाही.

मराठवाड्यात असाल तर नशीब काढलंत. निजामाच्या मुंतखबात, म्हणजे इनामाच्या अधिकृत दाखल्यात, जमीन कशासाठी दिली ते लिहिलेलं असतं. खिदमतमाश म्हणजे दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती, उरूस करा आणि त्या बदल्यात जमीन कसून खा. मदतमाश म्हणजे माणसाला पोटापाण्यासाठी दिलेली. इनामं रद्द करणाऱ्या 1954 च्या हैदराबाद कायद्यानं मदतमाश खालसा होऊन कब्जेदाराच्या पदरात पडू शकते. धार्मिक संस्थेचं इनाम तसं पडत नाही. म्हणून मुंतखब फारसी-उर्दूत आहे हे तुमचं भाग्य समजा आणि तर्जुमा (भाषांतर) करणारा आपला धरा. खिदमत काय नि मदत काय, शेवटी दोन्हीकडे ‘त’ आहेच! भूसुधार शाखेतून खालशाचा आदेश एकदा निघाला की वक्फ मंडळाला तो कळेपर्यंत प्लॉटिंगचे दगडही रोवून होतात.

राजपत्रातल्या वक्फ मिळकतींच्या यादीची धास्ती घेऊ नका. तिथे बहुधा जुना सर्व्हे नंबर असतो आणि एकत्रीकरणानंतर सातबाऱ्यावर गट नंबर आला. दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता भूमी अभिलेखच्या कपाटात असतो. तो तिथेच सुखी आहे. दुय्यम निबंधकाला राजपत्रातला नंबर दस्तात सापडत नाही, मग तो बिचारा अडवणार तरी काय?

भाड्यानं दिलेल्या गाळ्यांचं गणित मात्र नीट समजून घ्या. एक वर्ष किंवा त्याहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मंडळाच्या पूर्वमंजुरीशिवाय रद्दबातल ठरतो. शेतजमीन तीन वर्षांच्या वर देता येत नाही आणि दुकान, शाळा, दवाखाना काहीही असो, तीस वर्षांची हद्द ओलांडता येत नाही. म्हणून अकरा महिने! दर अकरा महिन्यांनी नवा करार, तोच भाडेकरू, तेच भाडे. पावती तीनशेची फाडा. पगडीला पावती नसते, ती परंपरा आहे.

हिशेबात विनम्र राहा. निव्वळ वार्षिक उत्पन्न पाच हजारांवर गेलं की मंडळाला अंशदान द्यावं लागतं. ते 7 टक्क्यांपर्यंत होतं, वक्फ कायद्याच्या 2025 च्या दुरुस्तीनं 5 टक्क्यांपर्यंत आलं. सरकारनं दोन टक्के सोडले, आपण उरलेले पाचही सोडू. उत्पन्न 4,900 दाखवा. बाकीचं संदल, चादर आणि ‘किरकोळ’ यांत बसवा. ‘किरकोळ’ हा हिशेबातला सर्वांत धष्टपुष्ट रकाना असतो.

त्याच दुरुस्तीनं अतिक्रमण करणाऱ्यांनाही धीर दिलाय. 1995 च्या कायद्यात वक्फची जमीन परत मिळवण्याच्या दाव्याला मुदतीचं बंधन नव्हतं, आता मुदत कायदा लागू झाला. तेव्हा कब्रस्तानाच्या कडेला टपरी टाकणाऱ्याला हटकू नका. तुमच्या मौनाची किंमत वर्षागणिक वाढते.

रस्त्यात किंवा तलावात जमीन जाणार असेल तर दोन नफल (ऐच्छिक नमाज) जास्त पढा. मावेजा, म्हणजे भरपाई! वक्फ कायद्याच्या कलम 91 प्रमाणे निवाड्याआधी मंडळाला नोटीस जायला हवी. पण सातबाऱ्यावर मंडळाचा मागमूसच नसेल तर भूसंपादन अधिकारी नोटीस धाडेल कुणाला? म्हणून तर पहिला फेरफार आधी.

परवानगीशिवाय वक्फ जमीन घेणाऱ्या-देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, हेही खरं. पण या कामात जातिधर्म कधी आडवा येत नाही. बिल्डर, तलाठी, मुद्रांक विक्रेता, दोन्ही बाजूंचे वकील अशी सर्वधर्मसमभावाची इतकी भरगच्च पंगत उरुसालाही बसत नाही.

मंडळाचं कार्यालय औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत आहे. हर्सूलकडून नहरीनं आलेल्या पाण्यावर तिथं दळण दळलं जाई आणि त्या पिठावर फकीर-मुसाफिर जेवत. आता तिथं अर्ज दळायला टाकतात. तुमच्याविरुद्धचा अर्ज तिथं पडला तर फार मनाला लावून घेऊ नका. तक्रारदार बहुधा मशिदीतल्या पहिल्या सफेतला (रांगेतला) निवृत्त मास्तर असतो आणि मुंतखबाची नक्कल त्याच्या पिशवीत असते. त्याला उरूस कमिटीचा खजिनदार करा. शाल पांघरवा, फ्लेक्सवर फोटो मोठा लावा आणि पिशवी सांभाळायला मागून घ्या.